चोक झालेला फिल्टर काय सांगतो? डिझेलच्या काजळीचा आणि तिच्या निदानाचा इतिहास

१/२५
१ एप्रिल २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारी, ट्रक, बस आणि दुचाकींना भारत स्टेज-६ चे निकष लागू झाले. त्याबरोबर डिझेल मोटारींच्या डॅशबोर्डवर एक नवा दिवा आला आणि गॅरेजमधल्या बोलण्यात एक नवे वाक्य रुळले : "डीपीएफ चोक झालाय." डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, अर्थात धुरातली काजळी अडवणारी गाळणी. ती कोठून आली, ती का भरते आणि ती भरल्याचे ओळखण्याची विद्या माणसाने कशी मिळवली, याचा हा धागा.

२/२५
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. फिल्टर भरणे हा त्याचा दोष नव्हे. अडवणे हे ज्याचे काम, तो भरणारच. दोष असतो तो तीनपैकी एका ठिकाणी : तो वाजवीपेक्षा लवकर भरतो, भरल्यावर रिकामा होत नाही, किंवा तो भरला आहे असे सांगणारी मोजणीच चुकते. किती भरला? कशाने भरला? रिकामा का झाला नाही? हे तीन प्रश्न म्हणजेच चोक झालेल्या फिल्टरचे निदान. यांतील एकेका प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या देशांत सापडत गेले. काही उत्तरांसाठी महागडी किंमतही मोजावी लागली.

३/२५
पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या कितीतरी आधी पाण्यात सापडले. फ्रान्समधील दीजों शहराचा अभियंता आंरी दार्सी याने १८४० मध्ये १२ किलोमीटरहून लांब बंदिस्त कालव्यातून झऱ्याचे पाणी शहरात आणले. पुढे १८५५-५६ मध्ये त्याने तेथील रुग्णालयाच्या आवारात वाळूने भरलेला उभा नळ उभारला, त्यातून पाणी सोडले आणि वाळूच्या वरचा व खालचा दाब पाऱ्याच्या नळ्यांनी मोजला. पाणी गाळण्याचे गणित त्याला बसवायचे होते. १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीजोंच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथाच्या परिशिष्टात त्याने ते मांडले.

४/२५
दार्सीचा नियम साधा आहे. सच्छिद्र थरातून जाणारा प्रवाह दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाबरोबर वाढतो आणि थराच्या जाडीबरोबर घटतो. हाच नियम उलट वाचला की निदानाचे साधन हाती येते. प्रवाह तेवढाच असून दाबातील फरक वाढला असेल, तर थर जाड झाला आहे किंवा त्याची छिद्रे बुजली आहेत. म्हणजे गाळणी उघडून न पाहताही ती किती भरली, हे बाहेरून कळते. वैद्याने नाडीवरून अंतरीचे जाणावे तसेच हे. आजच्या डिझेल मोटारीत फिल्टरच्या पुढे-मागे जोडलेल्या दोन बारीक नळ्या दीजोंच्या त्याच प्रयोगाची पुनरावृत्ती करत असतात.

५/२५
आता काजळीकडे वळू. काजळी रोग आणते, हे इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७५ मध्येच नोंदवले होते. लंडनमध्ये धुराड्यांत उतरून ती साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण त्वचेच्या घड्यांत साचणारी काजळी आहे, असे त्याने दाखवले. एखाद्या व्यवसायाचा आणि कर्करोगाचा संबंध जोडणारे हे आरंभीचे निदान मानले जाते. त्या मुलांच्या अंगावरची काजळी डोळ्यांना दिसत तरी होती. पुढच्या शतकाने जी काजळी निर्माण केली, तिचे सुटे कण दिसेनासे झाले.

६/२५
रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची अधिकृत चाचणी फेब्रुवारी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे रूपांतर त्याने कामात करून दाखवले. वाफेच्या इंजिनांच्या त्या युगात ही मोठी झेप होती. परंतु या काटकसरीच्या पद्धतीतच काजळीचे बीज होते. पेट्रोल इंजिनात इंधन हवेत आधी मिसळते. डिझेल इंजिनात ते दाबलेल्या तप्त हवेत अगदी शेवटच्या क्षणी फवारले जाते. फवाऱ्याच्या गाभ्यात प्राणवायू अपुरा पडतो, तेथे इंधन अर्धवट जळते आणि मुख्यतः कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात.

७/२५
जहाजे, कारखाने आणि ट्रक यांच्यानंतर डिझेल मोटारीत आले. मर्सिडीज-बेन्झची २६० डी ही १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. मग शहरांची बससेवा डिझेलवर गेली. लंडनने आपली शेवटची विद्युत ट्राम जुलै १९५२ मध्ये बंद केली आणि तिची जागा डिझेल बसने घेतली. त्याच वर्षी ५ ते ९ डिसेंबर या काळात लंडनवर विषारी धुके साचले. त्याचे मुख्य कारण कोळसा होता. बसच्या धुराने त्यात भर घातली. त्या काळातील अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला.

८/२५
गाळणीची निकड अमेरिकेत प्रथम भासली. १९७३ च्या तेलसंकटानंतर कमी इंधनात अधिक धावणाऱ्या डिझेल मोटारींना तेथे मागणी आली. त्याबरोबर काळा धूरही आला. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८२ च्या मोटारींसाठी मैलाला ०.६ ग्रॅम कणांची मर्यादा घातली आणि १९८७ साठी ती ०.२ ग्रॅमवर आणली. कॅलिफोर्नियाचे नियम त्याहून कडक होते. केवळ इंजिन सुधारून एवढी काजळी घटवणे त्या काळच्या तंत्राला जड होते. धूर बाहेर पडण्याआधी तो गाळणे, हा एक मार्ग उरला.

९/२५
गाळणीचे साहित्य अमेरिकेतील कॉर्निंग या काच व सिरॅमिकच्या कंपनीत आधीच तयार होते. रॉडनी बॅगली, अर्विन लॅकमन आणि रॉनल्ड लुइस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचे मधाच्या पोळ्यासारखे ठोकळे घडवले होते. ते पेट्रोल मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी होते. दशकाच्या अखेरीस त्याच पोळ्यात एक छोटा बदल झाला. त्याच्या समांतर नळ्या बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक बुजवल्या. पुढच्या तोंडाला काळी घरे बंद, तर मागच्या तोंडाला पांढरी. एका नळीत शिरलेल्या धुराला बाहेर पडायचे तर शेजारच्या नळीची सच्छिद्र भिंत ओलांडावीच लागते. काजळी भिंतीपाशी अडते.

१०/२५
येथे एक नवलाची गोष्ट आहे. भिंतीतील छिद्रे साधारण १० ते २० मायक्रॉनची असतात, आणि काजळीचा बहुतेक कण ०.१ मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणजे छिद्र कणाच्या शेकडोपट मोठे, तरीही कण अडतो. इतके हलके कण वायूच्या रेणूंचे धक्के खात इतस्ततः भरकटतात आणि भिंतीला चिकटतात. मग भिंतीवर काजळीचाच एक पातळ थर बसतो आणि तो थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. थोडा भरलेला फिल्टर अगदी कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगले गाळतो. मात्र थर जाडावत गेला की दार्सीचा नियम लागू होतो आणि इंजिनाचा श्वास कोंडू लागतो.

११/२५
अडवण्याचा प्रश्न सुटला. रिकामे करण्याचा उरला. काजळी म्हणजे कार्बन, तेव्हा ती जाळून टाकावी हा विचार सरळ होता. याच क्रियेला पुढे रिजनरेशन, म्हणजे पुनरुज्जीवन, हे नाव मिळाले. अडचण तापमानाची होती. काजळी नुसत्या प्राणवायूने पेटायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस लागतात, तर शहरात रांगणाऱ्या डिझेल मोटारीचा धूर बहुधा २०० अंशांच्या आसपासच असतो. उलट, प्रमाणाबाहेर साचलेली काजळी एकदम पेटली तर फिल्टरच्या आत १,००० अंशांहून अधिक उष्णता होते आणि सिरॅमिक तडकते, प्रसंगी वितळते. कमी तापले तर चोक, अधिक तापले तर भंग, अशी ही अरुंद वाट होती.

१२/२५
त्या वाटेवरचा पहिला मोठा प्रयोग १९८५ चा. मर्सिडीज-बेन्झने कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या टर्बो-डिझेल मोटारींना सिरॅमिक फिल्टर बसवला. त्याला ट्रॅप ऑक्सिडायझर म्हणत. धूर शक्य तितका गरम मिळावा म्हणून तो इंजिनाच्या लगत, टर्बोचार्जरच्या आधी बसवला होता. विचार बरोबर होता, परंतु परिणाम विपरीत झाला. फिल्टर चोक होऊ लागले, सिरॅमिकचे तुकडे सुटले आणि थेट टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळले. थोड्याच वर्षांत हे ट्रॅप मागे घ्यावे लागले. पुढे जवळजवळ दीड दशक मोटारींच्या जगात फिल्टर मागे पडला.

१३/२५
या अपयशाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. गाळणी गाळण्यात कमी पडली नव्हती. फिल्टरमध्ये काजळी किती साचली आहे हे सतत मोजून त्यानुसार योग्य वेळी तापमान वाढवणारी व्यवस्था त्या मोटारीत नव्हती. काजळी आपोआप जळेल, या भरवशावर सारे अवलंबून होते. महामार्गावर धावणाऱ्याच्या गाडीत ती जळे. गावात फिरणाऱ्याच्या गाडीत साचत राही. दोन्ही गाड्यांतला फिल्टर एकच, इंजिनही एकच, फरक फक्त रोजच्या वापराचा. "गाडी कशी चालवली जाते?" हा आज प्रत्येक जाणता मेकॅनिक विचारतो तो प्रश्न या फसलेल्या प्रयोगात दडलेला होता.

१४/२५
पुढचे पाऊल रसायनशास्त्राने टाकले. जॉन्सन मॅथी या ब्रिटिश कंपनीच्या कूपर व थॉस या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले की प्राणवायूऐवजी नायट्रोजन डायऑक्साइड वापरला तर काजळी सुमारे २५० अंशांपासूनच जळू लागते. आणि हा वायू धुरातूनच, प्लॅटिनमच्या साहाय्याने तयार करता येतो. अट एकच : डिझेलमध्ये गंधक अत्यल्प हवे, कारण गंधक ही क्रिया रोखते. स्वीडनने १९९१ पासून दशलक्षात १० भाग गंधकाचे डिझेल आणले होते. त्यामुळे नव्या पद्धतीचे फिल्टर तेथील बस व ट्रकवर लवकर चालले. स्वच्छ फिल्टरआधी स्वच्छ इंधन लागते, हा धडा पुढे प्रत्येक देशाला गिरवावा लागला.

१५/२५
त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वताखालून लांब रेल्वे बोगदे खणण्याची तयारी चालली होती. बंद बोगद्यात डिझेल यंत्रांच्या धुरात राबणाऱ्या कामगारांचे काय, हा प्रश्न होता. त्यासाठी १९९३ च्या सुमारास वेर्ट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात एक मूलगामी गोष्ट घडली : काजळीचे वजन करण्याबरोबर तिचे कण मोजले गेले. वजनाने नगण्य असलेली काजळी संख्येने प्रचंड असू शकते, आणि चांगला फिल्टर ही संख्या शंभरातून एखाद्या भागावर आणतो, हे स्पष्ट झाले. पुढे बोगद्यांच्या कामातील डिझेल यंत्रांना तेथे फिल्टर सक्तीचा झाला.

१६/२५
मोटारीत फिल्टर परतला तो २००० मध्ये, फ्रान्समधून. प्यूजोने आपल्या ६०७ या मोटारीत सिलिकॉन कार्बाइडचा फिल्टर बसवला. तीन गोष्टी १९८५ पेक्षा वेगळ्या होत्या. सीरियमचे संयुग इंधनात थेंबाथेंबाने मिसळून काजळी पेटण्याचे तापमान सुमारे ४५० अंशांवर आणले होते. कॉमन रेल पद्धतीमुळे मुख्य ज्वलनानंतर थोडे जादा इंधन फवारून धूर मुद्दाम तापवता येत होता. आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब संवेदक सतत मोजत होता. दाब वाढला की संगणक स्वतःच पुनरुज्जीवन सुरू करी. चालकाला त्याचा पत्ताही लागत नसे.

१७/२५
या रचनेने यश मिळवले आणि नियमांना धार आली. युरोपात १९९२ च्या युरो-१ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.१४ ग्रॅम कणांची मुभा होती. २००९ च्या युरो-५ मध्ये ती ०.००५ ग्रॅमवर आली. २०११ पासून कणांच्या संख्येवरही मर्यादा आली : किलोमीटरला ६०,००० कोटी. हा आकडा मोठा भासतो, परंतु फिल्टरविना डिझेल मोटार त्याच्या कितीतरी पट कण सोडते. फिल्टर यापुढे ऐच्छिक राहिला नाही. लक्षावधी मोटारी त्यासह रस्त्यावर आल्या आणि "चोक" ही तक्रार घरोघरची झाली.

१८/२५
चोक होण्याचे सर्वांत सामान्य कारण १९८५ चेच होते : छोटे फेरे. मुलांना शाळेत सोडणे, बाजार, कार्यालय. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. संगणकाने पुनरुज्जीवन आरंभले तरी १०-१५ मिनिटांत गाडी थांबते आणि क्रिया अर्धवट राहते. त्यासाठी फवारलेले जादा डिझेल काही अंशी सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी वाढते आणि त्याचा दर्जा घसरतो. म्हणून डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसणे हेही निदानातील एक लक्षण ठरले. पुनरुज्जीवन वारंवार अपुरे राहत असल्याचा तो पुरावा असतो.

१९/२५
दुसरा प्रश्न : कशाने भरला? फिल्टरमध्ये दोन पदार्थ साचतात. काजळी जळते; राख जळत नाही. राख येते ती मुख्यतः इंजिन ऑइलमधील कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस यांसारख्या घटकांपासून. ती वर्षानुवर्षे हळूहळू साचते आणि कोणत्याही पुनरुज्जीवनाने हटत नाही. ६०७ मध्येही ८०,००० किलोमीटरला फिल्टर काढून धुण्याची योजना होती ती याच कारणाने. म्हणून कमी राखेचे ऑइल वापरण्याचा दंडक आला. पुनरुज्जीवन पूर्ण होऊनही दाब चढाच राहिला तर राखेचा संशय घ्यावा, आणि दाब उतरून पुन्हा झपाट्याने चढला तर काजळीचा उगम इंजिनात शोधावा, हे तारतम्य येथून आले.

२०/२५
या इतिहासातून निदानाची एक शिस्त तयार झाली. प्रथम चालकाची दिनचर्या विचारावी. मग स्कॅनर लावून नोंदी वाचाव्यात. पी२४६३ म्हणजे काजळीचा साठा अधिक. पी२००२ म्हणजे फिल्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली. पी२४५२ म्हणजे दाबाच्या संवेदकाच्या जोडणीत बिघाड. त्यानंतर दाबातील फरक तीन वेळा पाहावा : इंजिन बंद असताना, मंद गतीत आणि वाढवलेल्या गतीत. बंद इंजिनात तो शून्य असला पाहिजे. तेथेच आकडा दिसत असेल, तर संवेदक खोटे बोलतो आहे. फिल्टरला दोष देण्याचे कारण नाही.

२१/२५
गती वाढवूनही फरक शून्यच राहिला तर दोन शक्यता : संवेदकाची नळी फाटली किंवा निसटली आहे, नाहीतर फिल्टर आतून फुटला अथवा पोकळ केला गेला आहे. सायलेन्सरच्या तोंडात दाट काळी काजळी आढळली तर दुसरी शक्यता बळावते. फरक खरोखर अधिक असेल तर तिसरा प्रश्न येतो : रिकामा का झाला नाही? गळका इंजेक्टर, ऑइल सोडणारा टर्बो, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट, बिघडलेला तापमानाचा संवेदक यांपैकी कोणतेही कारण असू शकते. मूळ कारण तसेच ठेवून नवा फिल्टर बसवला, तर तोही काही दिवसांत चोक होतो.

२२/२५
निदान अवघड आणि फिल्टर महाग. म्हणून एक पळवाट निघाली. फिल्टर कापायचा, आतले पोळे काढून टाकायचे, रिकामा डबा पुन्हा जोडायचा आणि संगणकातील नोंद बदलायची. ब्रिटनमध्ये हा प्रकार इतका वाढला की फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर आहे की नाही हे पाहणे सुरू झाले. तथापि रिकामा डबा बाहेरून अखंडच दिसतो. धुराचा काळेपणा मोजणारे जुने यंत्रही फसते, कारण आधुनिक इंजिनाचा फिल्टरविना निघणारा धूरही डोळ्यांना फारसा काळा दिसत नाही.

२३/२५
या पळवाटेत गमावले काय जाते? हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील ६ शहरांतील ८,१११ प्रौढांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. १९९३ मध्ये त्यांनी दाखवले की सर्वाधिक प्रदूषित शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक होते आणि त्याचा निकटचा संबंध हवेतील सूक्ष्म कणांशी होता. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतील ८ खाणींच्या १२,३१५ कामगारांवरील अभ्यासाने डिझेल धुराचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निश्चित कर्करोगकारक ठरवला. पॉटच्या निदानानंतर २३७ वर्षांनी डिझेलच्या धुरावर हा शिक्का बसला.

२४/२५
मग तपासणीनेच रूप बदलले. बोगद्यांच्या काळात प्रयोगशाळेत वापरलेले कण मोजण्याचे तंत्र लहान यंत्रात उतरले. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून फिल्टर असलेल्या डिझेल मोटारींच्या नियतकालिक तपासणीत कणांची प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. इंजिन मंद गतीत ठेवायचे, नळी सायलेन्सरमध्ये घालायची, आणि काही मिनिटांत फिल्टर शाबूत आहे की पोकळ, हे कळते. फिल्टर चोक आहे का, हे दाब सांगतो. फिल्टर आहे का, हे कणांची संख्या सांगते. निदानाचे दोन्ही अर्धे भाग असे एकत्र आले.

२५/२५
भारताने जानेवारी २०१६ मध्ये स्टेज-५ गाळून थेट स्टेज-६ चा निर्णय घेतला. डिझेलमधील गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले आणि फिल्टर रस्त्यावर उतरला. तपासणी केंद्रांवरील पीयूसी मात्र अजून धुराच्या काळेपणावरच चालते. मुंबईच्या सिग्नलांवर खोळंबणाऱ्या किंवा पुण्यात रोज ४ किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हा दिवा लागणे स्वाभाविक आहे. तो पहिल्यांदा स्थिर पेटला, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग चालवल्याने बहुधा भागते. तो लुकलुकू लागला, इंजिनाची ताकद घटली किंवा ऑइल वाढले, तर वरचे तीन प्रश्न विचारणारा मेकॅनिक गाठावा. फिल्टर काढून टाकल्याने दिवा विझतो; काजळी मात्र पुन्हा रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत साचू लागते, आणि तेथे दाब मोजणारा संवेदक नसतो.